ओला चुना

आमच्या तांबसवाडीत नाताळ बंद झाला तो कंदिलामुळे, आणि ईस्टर बंद झाला तो नाताळमुळे. मी असं म्हटलं की शेजारची बायडाबाई म्हणते, "आन् तुझं त्वांड बंद झालं न्हाई ते कशामुळं?"

कंदील म्हणजे चांदणीचा, चर्चपुढच्या उंच बांबूवर चढवतात तो. पंच्याण्णवच्या नाताळात तो कोणी चढवायचा यावरून अमोलिकांच्या आणि साळव्यांच्या पोरांत जुंपली. ओढाताणीत आतली मेणबत्ती कलंडली, कंदील पेटला आणि लाउडस्पीकरवाल्याच्या ताडपत्रीवर येऊन पडला. लाउडस्पीकरवर तेव्हा सिनेमातलं गाणं चाललं होतं, त्याचा ख्रिस्तजन्माशी काही संबंध नव्हता. दोघं-तिघं पिऊन आले होते. नवे पाळकसाहेब चर्चच्या पायरीवर उभे राहून हे सगळं बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी त्यांना वाईट ठरवलं. एलिया पगारे वाईट माणूस नव्हते. तिशीचे, सडसडीत, चहात साखर न घेणारे. कारखान्याच्या पट्ट्यात राहून चहात साखर न घेणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

जानेवारीत त्यांनी उपदेशात सांगून टाकलं. नाताळ पाळा, ईस्टर पाळा, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. पहिले विश्वासणारे दर रविवारी जमत आणि त्यांना तेवढं पुरत असे. "ज्याला बावन्न रविवारांत प्रभू भेटत नाही," ते म्हणाले, "त्याला तो एका सणाला कसा भेटेल?"

मला ते वाक्य आवडलं. आवडलं म्हणूनच धास्तीही वाटली. कारण त्या वर्षीचा ईस्टर मला हवा होता. नाताळ गेला असता तरी मी हूं की चूं केलं नसतं.

त्याचं कारण सांगते. आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कबरस्तानातल्या सगळ्या कबरींना चुना देतात. रविवारी उजाडायच्या आधी मंडळी अनवाणी तिथे जमते, दोन गीतं म्हणते आणि मग गावात फेरी निघते. पुढे पुकारणारा असतो. तो हातातला टाळ प्रत्येक दाराच्या कडीवर वाजवतो आणि म्हणतो, "प्रभू उठला आहे!" आतल्यांनी दार न उघडता म्हणायचं, "खरोखर उठला आहे!" मग फेरी पुढे जाते. वर्षभरात ज्या घरी माणूस गेलं असेल ते घर सगळ्यात शेवटी घेतात. तिथे कडी वाजवून झाली की पुकारणारा रस्त्यावरून मेलेल्याचं पूर्ण नाव घेतो आणि घरच्यांनी आतून उत्तर द्यायचं, "तोही उठेल." ते एकदाच. पुढच्या वर्षी ते नाव पुकारत नाहीत. त्या दिवशी मेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकायचे, चपला कोणाला तरी द्यायच्या. तोपर्यंत त्याचं सगळं जागच्या जागी ठेवायचं, जणू शेतावर गेलाय आणि येईल.

माझे मालक पोळ्याच्या सुमारास काविळीने गेले. त्यांचा सदरा खुंटीवर होता. चपला दाराशी होत्या. टाळही खुंटीवर होता, कारण पंधरा-वीस वर्षं गावाचे पुकारणारे तेच होते.

म्हणजे बघा, सगळ्या गावच्या मेलेल्यांची नावं घेणारा माणूस मेला, आणि त्याचं नाव घ्यायच्या वर्षीच सण बंद. मी स्वतः घेतलं असतं, पण बायकोने नवऱ्याचं नाव रस्त्यावर उभं राहून घ्यायचं म्हणजे... उखाण्यात घेतलं होतं लग्नात एकदा, तेही दाताखाली. आज लिहिताना लिहिते. शांतवन केशव उजागरे.

चर्चमध्ये बैठक झाली तेव्हा मी उठून उभी राहिले. शिलाई मशीन चालवणारी बाई, बैठकीत उभी राहायची सवय नाही.

"साहेब, तुमचं खरं आहे," मी म्हटलं. "दिवसात काही नसतं. पण माणसाला आठवायला एक दिवस लागतो. नाहीतर आज भाकरी, उद्या भाकरी, आठवणार कधी?"

"रिबकाबाई, रोज आठवा," पाळकसाहेब म्हणाले. खोचकपणे नाही, मनापासून म्हणाले.

"रोज आठवतेच की हो! मला विसरायला एक दिवस पाहिजे."

बायका हसल्या. पाळकसाहेब हसले नाहीत, खाली बघू लागले. पण मुख्य पंच श्रीमंत अमोलिक मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ह्ये बघा, नाताळाला आमच्या पोराचं डोस्कं फुटलं. एक सण ठिवायचा आन् एक काढायचा, असं कसं जमंल? काढायचं तर समदं काढा."

"तुज्या पोराचं डोस्कं फुटलं म्हून मेल्या मान्साचं नाव बुडवतो व्हय रं?" बायडाबाई मागून ओरडली.

"आक्का, तू गप."

"मी मेल्यावर गप बसन. आन् तवा माजं नाव कोन पुकारनार? तू?"

हात वर झाले. सण गेले. फेरी गेली. साळव्यांनीही अमोलिकांच्या बाजूने हात वर केला. दोन्ही घराण्यांचं एकमत मी तेवढं एकदाच पाहिलं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी एकटीच चुना घेऊन निघाले. कबरींना चुना द्यायला कोणी मनाई केली नव्हती. पांढरं करणं म्हणजे काही सण नव्हे. पण लग्नसराई होती, एका नवरीचे ब्लाऊज द्यायचे होते, ती बाई तीनदा बाह्या उसवायला लावून गेली आणि मला निघायलाच ऊन कललं. बायडाबाई ओट्यावर बसली होती. माझ्या बादलीकडे बघून म्हणाली, "आत्ता? अगं, दिस असतानी वाळाया पायजे चुना. ओला ऱ्हायला तर कबरीत झोपल्याला उठून पाय उमटिवतो."

"उमटवू दे. तेवढंच माझं घर सारवायचं वाचेल," मी म्हटलं. असली थट्टा करायला नको होती असं आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

कबरस्तान कालव्यापलीकडे, बाभळींत. बाकीच्या कबरी गेल्या वर्षीच्या चुन्यावर धूळ बसून मळकट झाल्या होत्या. यांची तर अजून नुसती मातीच होती, कडेने दगड लावलेले. मी दगडांना चुन्याचा हात दिला. मग राहिलेला चुना जिवावर आला परत न्यायला, म्हणून मातीवरच ओतला. दाट, पांढरा, सायीसारखा. तो वाळायची वाट बघत बसले. सूर्य गेला तरी वाळला नाही. बोट लावलं की बोट पांढरं. शेवटी उठले आणि घरी आले.

त्या रात्री गावात कोणालाच नीट झोप लागली नसावी. वर्षानुवर्षं ज्या वेळी उठायचं त्या वेळी अंगच जागं होतं. मी अंधारात पडून होते. कोंबडा आरवला नव्हता. खुराडं आमच्या मागच्या दाराशी, तिकडेही चिडीचूप.

मग लांबून टाळ ऐकू आला. एकच टाळ. थांबत, पुन्हा वाजत. मला वाटलं, शाब्बास रे पठ्ठ्यांनो! कोणीतरी पंचांना न जुमानता निघालंय. कोण असेल? साळव्यांचा थोरला? मनात एकदम इतकं सुख झालं की मी उठून बसले, पदर सारखा केला. टाळ अमोलिकांच्या आळीतून फिरला, चर्चकडे गेला, पाळकसाहेबांच्या खोलीशी थांबला. मी ओठ चावून हसलेसुद्धा. मग इकडे वळला. बायडाबाईच्या दाराशी वाजला, तिचं खणखणीत उत्तर आलं. मग पावलं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, कारण पावलं एकाच माणसाची होती. गीत नाही, कुजबुज नाही, पोरांचं खोकणं नाही.

माझ्या कडीवर टाळ वाजला.

"प्रभू उठला आहे!" हे वाक्य मी ऐकलं की मला ते ऐकू आलं असं वाटलं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आवाज असा नव्हताच. उसाच्या पाचटातून वारा जावा तसं काहीतरी, त्याला शब्दांचा आकार.

"खरोखर उठला आहे," मी म्हटलं.

आणि थांबले. आता नाव येईल. आता येईल. बाहेर कोणीतरी धापा टाकत होतं, चालून आल्यावर टाकतात तसं. नाव आलं नाही. आणि मग मला समजलं की ते का येत नाही. स्वतःचं नाव स्वतः पुकारायचं नसतं.

मी खुंटीकडे बघितलं. अंधाराला डोळे सरावले होते. टाळ खुंटीवरच होता. हलतही नव्हता.

उजाडेपर्यंत मी दार उघडलं नाही. पावलं परत गेल्याचंही ऐकलं नाही.

उजाडल्यावर गाव रस्त्यावर आलं ते एकमेकांना शिव्या घालतच. अमोलिक म्हणाले साळव्यांनी फेरी काढली, साळवे म्हणाले अमोलिकांनी. मग कोणीतरी खाली बघितलं. प्रत्येक ख्रिस्ती घराच्या उंबऱ्यासमोर पांढरी पावलं होती. अनवाणी. येणारी आणि परत जाणारी. डाव्या पावलाला अंगठा नव्हता.

श्रीमंत अमोलिक उकिडवे बसले, पावलाजवळ हात नेला, पण टेकवला नाही. "उसाच्या गाडीखाली पुकारनाऱ्याचा पाय आला तवा बैलं मी हाकत हुतो," ते म्हणाले. "ह्यो पाय मी कुटं बी वळखीन."

"तुमी उत्तर दिलं का न्हाई?" बायडाबाईने विचारलं.

"दिलं."

"का? सन तर बंद केला हुता न्हवं तुमी?"

"आक्का, कडी वाजली. त्वांड आपसूक उघडलं."

मग हळूहळू निघालं की सगळ्यांनीच उत्तर दिलं होतं. ज्यांनी ज्यांनी हात वर केला होता त्या सगळ्यांनी, अंथरुणातून, अंधारात, शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

पाळकसाहेब आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण बोलले ते कडकच. "काल कबरस्तानात चुना कोणी नेला होता?"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. मी आत जाऊन टेप आणला, शिवताना गळ्यात अडकवते तो. खाली बसून पाऊल मापलं, मग त्याच्याशेजारी माझं पाऊल टेकवलं. माझे पाय आमच्या सासूबाईंना पोरीचे वाटायचे, इतके लहान. "आणि हा माझा अंगठा," मी म्हटलं. "मोजून घ्या साहेब. दोन्ही आहेत."

त्यांनी मान फिरवली. "उपासनेची वेळ झाली," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी उपासना नेहमीसारखी झाली, म्हणजे ठरल्याप्रमाणे. ईस्टर हा शब्द कोणी उच्चारला नाही. चर्च मात्र गच्च भरलं होतं, आणि सगळ्यांचे पाय बाकांखाली ओढून घेतलेले होते.

घरी आल्यावर मी एकटी माझ्या उंबऱ्याकडे नीट बघायला बसले. सकाळच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या दाराशी पावलं आलेली होती. परत गेलेली नव्हती.

आत सारवलेल्या जमिनीवर एक डागही नव्हता. मी दिवा लावून कोपरे बघितले. भर दुपारी. मग भाकरी थापायला बसले. मागे कोणीतरी भिंतीला टेकून बसलंय असं वाटत होतं. चुन्याचा वास येत होता, ओल्या चुन्याचा, जिभेला कोरड पाडणारा. कोंबड्या सकाळपासून खुराड्याच्या बाहेर आल्या नव्हत्या. दार उघडलं तरी एकमेकींना चिकटून आतच. आणि मला भीती वाटत नव्हती. भाकरी उलटताना लक्षात आलं की मी गुणगुणतेय. माणूस गेल्यापासून गुणगुणले नव्हते.

बाहेर खाकरल्याचा आवाज आला. पाळकसाहेब उन्हात उभे होते. पावलांवर पाय पडू नये म्हणून अंतर राखून.

"मीही उत्तर दिलं," ते म्हणाले. "सकाळी सर्वांसमोर सांगितलं नाही. कोपरगावाकडे आमच्या आजीच्या घरी अशीच फेरी यायची. मी शास्त्र शिकलो त्याआधीचं आहे ते."

"त्यात काय, साहेब? खरंच तर बोललात."

त्यांची नजर उंबऱ्यावर खिळली होती. "माझ्या दारातून ती पावलं परत गेली आहेत. तुमच्या..."

"दिसतंय मला."

"घरात काही?"

"काही नाही." मग म्हटलं, "म्हणजे दिसत काही नाही."

त्यांनी आत डोकावलं. सदरा बघितला, चपला बघितल्या. मग त्यांनी विचारलं, "नाव पुकारलं नाही तर काय होतं?"

"असं कधी झालंच नाही, म्हणून कोणाला ठाऊक नाही."

"मी सण पाळत नाही, रिबकाबाई," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "हे नीट लक्षात घ्या. माझं मत बदललेलं नाही. पण एका विश्वासू माणसाचं नाव घ्यायला मला कॅलेंडर लागत नाही."

"नका पाळू सण. पण नाव रस्त्यावरून घ्या. कडी वाजवून. त्यांना तसंच माहीत आहे."

मी टाळ काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चपला काढल्या. एप्रिलचं ऊन, रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि हा माणूस अनवाणी उभा. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

टाळ कडीवर वाजला. "प्रभू उठला आहे!" त्यांचा आवाज चिरकला.

"खरोखर उठला आहे," मी म्हटलं.

"शांतवन केशव उजागरे!"

आता माझी पाळी. दोनच शब्द. जानेवारीपासून ज्यासाठी भांडले ते दोन शब्द. आणि मी गप्प उभी. मागे ती धाप होती, जवळच, अगदी खांद्याशी. वळून बघितलं असतं तर दिसलं असतं का, मला माहीत नाही. मी वळले नाही. मला एवढंच वाटत होतं की मी बोलले नाही तर ती धाप तिथेच राहील. उद्या भाकरी थापतानाही. परवाही. नाव घेतलं नाही म्हणून कोण मला विचारणार होतं? सण तर बंदच होता.

"शांतवन केशव उजागरे!" पुन्हा.

मी पदर तोंडात धरला.

तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा पाळकसाहेबांचा आवाज फाटला, आणि शेजारच्या ओट्यावरून बायडाबाई कडाडली, "बोल की गं बया! मानूस ताटकाळलाय!"

कोणता माणूस, ते तिने सांगितलं नाही.

"तोही उठेल," मी म्हटलं.

काहीच झालं नाही. वारा नाही, दिवा विझला नाही. फक्त माझा खांदा हलका झाला, कोणीतरी त्यावरून हात काढून घ्यावा तसा. हात होता हे मला तो निघाल्यावर कळलं.

मग मागे कोंबड्या बोलू लागल्या. आधी एक, मग सगळ्या, दाणे टाकल्यावर करतात तसा कलकलाट.

आमच्या मालकांची एक खोड होती. पुढच्या दाराने आत यायचं, पण कामाला निघताना मागच्या दाराने. खुराड्यात मूठभर ज्वारी टाकल्याशिवाय पाय घराबाहेर पडायचा नाही. लग्नाला वऱ्हाड निघालं तेव्हासुद्धा नवरदेव मागच्या दाराने गेला, असं सासूबाई सांगायच्या.

मी मागे गेले. कडी आतून लागलेलीच होती. ती काढली, दार उघडलं. बाहेरच्या फरशीवर एकच पाऊल होतं, डाव्या पायाचं, कालव्याकडे तोंड केलेलं. मी वाकून बोट लावलं. बोट पांढरं झालं. एवढ्या उन्हात चुना ओला होता.

"काय झालं?" पुढून पाळकसाहेबांनी हाक मारली. "रिबकाबाई, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी ओरडून म्हटलं. "कोंबड्या बाहेर आल्या!"

तांबडी कोंबडी त्या पावलावरून चालत गेली, काही टिपत, मान हलवत. तिचे पाय पांढरे झाले, आणि ती जिकडे गेली तिकडे, पार कालव्याच्या वाटेपर्यंत, तीन बोटांचे ठसे उमटत गेले.